खेळाडूने राज्य बदलले की संघाच्या यादीत काय घडते? बडोद्याचा अनुभव, गोव्याचा प्रश्न

एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना-हरकत दाखला मागितला आणि गोव्यात क्रिकेटची चर्चा एकाएकी पानटपरीपर्यंत पोहोचली. भारतीय कसोटी संघाचा सलामीवीर गोव्याकडून खेळणार, कदाचित नेतृत्वही करणार, एवढ्या बातमीने पर्वरीच्या मैदानाला जणू नवा रंग चढला. पुढे मे महिन्यात जयस्वालने आपला अर्ज मागे घेण्याची विनंती केली, जूनअखेर मुंबईने ती मान्य केली आणि प्रकरण मिटले. या साऱ्या काळात गोव्याच्या यादीत एक नाव पेन्सिलीने लिहिले गेले आणि खोडले गेले. तो येणार की नाही, यावर भरपूर बोलले गेले. तो आला तर बाहेर कोण बसणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

वास्तविक संघबदलाच्या कोणत्याही बातमीत तोच खरा प्रश्न असतो. अकरा जागांच्या खेळात एक नाव वाढले की एक नाव गळते. एक नाव गेले की केवळ एक जागा रिकामी होत नाही, तर फलंदाजीचा क्रम, राखीव खेळाडू, कधी कर्णधारपदसुद्धा हलते. हे कसे घडते ते पाहायचे असेल तर बडोद्याइतके बोलके उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये दुसरे क्वचितच सापडेल. गायकवाडांच्या या मराठी राजधानीने बाहेरून खेळाडू आणून रणजी करंडक जिंकला आहे, आपला उपकर्णधार गमावूनही अंतिम फेरी गाठली आहे आणि दुसऱ्या राज्याच्या पाहुण्यांकडून स्वतःच्या अंगणात पराभवही पत्करला आहे.

आधी नियम थोडक्यात समजून घेऊ. रणजी करंडकात संघ राज्यांचे नसतात, क्रिकेट संघटनांचे असतात. म्हणून गुजरात राज्यात गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा असे तीन संघ आहेत आणि महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन. खेळाडू ज्या संघटनेत नोंदलेला असेल तिच्याकडून ना-हरकत दाखला घेतल्याखेरीज तो दुसऱ्या संघटनेकडे जाऊ शकत नाही. जन्म, वास्तव्य, नोकरी किंवा शिक्षण यांपैकी कशाचाच आधार नसताना जो येतो तो पाहुणा, म्हणजे कागदोपत्री व्यावसायिक खेळाडू. अशा पाहुण्यांची संख्या एका संघात तीनपर्यंत मर्यादित ठेवण्याची पद्धत आहे. मोठ्या संघटनांना या मर्यादेची फारशी चिंता नसते. त्यांच्याकडे माणसे येण्यापेक्षा जातात अधिक. गोव्यासारख्या लहान राज्याला मात्र या तीन जागा म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला हाती असलेले तीन हुकमी पत्ते. ते कुठे टाकायचे यावर सगळा डाव अवलंबून.

सांगलीहून आलेला पाहुणा

बडोद्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे विजय हजारे. सांगलीत १९१५ साली जन्मलेले हजारे प्रथम महाराष्ट्राकडून खेळत. १९३९-४०च्या हंगामात पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या आणि त्या केल्या त्या बडोद्याच्याच गोलंदाजीवर. महाराष्ट्राने त्या वर्षी रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षीही जिंकला. त्यानंतर हजारे बडोद्यात दाखल झाले. ज्या फलंदाजाने आपल्याला दोन दिवस उन्हात पळवले त्यालाच संस्थानात नोकरी देऊन आपल्याकडे आणणे, हा संघबांधणीचा राजेशाही मार्ग होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ना-हरकत दाखल्याऐवजी दरबाराचा हुकूम.

त्यानंतरची आकडेवारी बोलकी आहे. १९४२-४३ ते १९४९-५० या आठ हंगामांत बडोदा पाच वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि तीन वेळा विजेता ठरला. महाराष्ट्राने १९४०-४१नंतर आजतागायत रणजी करंडक जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठूनही नाही. एका माणसाच्या जाण्याला ऐंशी वर्षांचे अपयश चिकटवणे अन्यायाचे होईल. प्रा. दि. ब. देवधरांची कारकीर्द संपत आली होती, मुंबईचे बळ वाढत होते, ही कारणेही होतीच. तरी पुण्याच्या मैदानावरून निघालेली ती गाडी बडोद्याला पोहोचल्यावर दोन्हीकडच्या याद्या कायमच्या बदलल्या, एवढे नक्की म्हणता येते.

हजारे एकटे आले नव्हते, हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. हेमू अधिकारी पुण्याचे, गुल महंमद आणि अमीर इलाही लाहोरचे. मार्च १९४७ मध्ये बडोद्यातच झालेल्या अंतिम सामन्यात होळकर संघाचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. उत्तरादाखल बडोद्याची अवस्था ३ बाद ९१ असताना हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि चौथ्या गड्यासाठी त्यांनी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याचा डाव ७८४ धावांवर संपला आणि एक डाव व ४०९ धावांनी करंडक घरी राहिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी झालेली ती सर्वांत मोठी भागीदारी होती. हा विक्रम २००६ साली संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडेपर्यंत जवळपास साठ वर्षे टिकला. बडोद्याच्या नावावर नोंदलेल्या या विक्रमाचा एक भागीदार सांगलीचा होता आणि दुसरा लाहोरचा.

समोरचा होळकर संघही याच पद्धतीने उभा राहिलेला होता. मूळचे नागपूरचे सी. के. नायडू इंदूरला गेले आणि होळकरांच्या संघाचा कणा झाले. त्या काळी दोन संस्थानांमधला सामना हा बऱ्याच अंशी दोन दरबारांनी कोणाकोणाला आणले याचा सामना असे. त्या याद्यांमुळे कोणत्या स्थानिक पोराला बाहेर बसावे लागले, याची नोंद कोणत्याही धावफलकात नसते. जो खेळलाच नाही त्याचा रकाना कोणी आखलेला नाही.

मग हजारेंना पाहुणे का म्हणू नये, असे आज बडोद्यात कोणालाही विचारले तर तो हसेल. ते आले आणि राहिले. साठच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत ते बडोद्याकडून खेळले आणि २००४ साली त्यांचे निधन झाले तेही बडोद्यातच. ज्या संघात ते होते त्याच संघात दत्ताजीराव गायकवाड घडले. दत्ताजीरावांच्याच नेतृत्वाखाली १९५७-५८ मध्ये बडोद्याने पुन्हा करंडक जिंकला आणि पुढे ते भारताचे कसोटी कर्णधार झाले. पुढच्या पिढीत त्यांचे पुत्र अंशुमान आले. पाहुण्याने एक जागा घेतली, पण तो वीस वर्षे राहिला म्हणून त्या जागेच्या आजूबाजूला घरचे खेळाडू उभे राहू शकले. एका हंगामासाठी आलेल्या पाहुण्याकडून हे होणे कठीण.

उपकर्णधार निघून गेला तेव्हा

आता उलटी बाजू पाहू. जानेवारी २०२१. करोनामुळे लांबलेला देशांतर्गत हंगाम सय्यद मुश्ताक अली करंडकाने सुरू होणार होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बडोद्याचा उपकर्णधार दीपक हुड्डा संघाचे शिबिर सोडून निघून गेला. कर्णधार कृणाल पंड्याने आपल्याला शिवीगाळ केली आणि सहकाऱ्यांसमोर अपमान केला, असा आरोप त्याने संघटनेला लिहिलेल्या पत्रात केला होता. बडोद्याचाच माजी खेळाडू इरफान पठाण याने जाहीरपणे हुड्डाची बाजू घेतली. बडोदा क्रिकेट संघटनेने शिबिर सोडल्याबद्दल हुड्डाला त्या देशांतर्गत हंगामापुरते बाजूला केले. या प्रकरणात कोण किती बरोबर होते याचा निवाडा इथे करण्याचे कारण नाही. आपला प्रश्न यादीचा आहे.

यादीच्या दृष्टीने पाहता तोटा मोठा होता. हुड्डा मधल्या फळीत खेळणारा, गरजेला ऑफस्पिन टाकणारा आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पंजाबविरुद्ध नाबाद २९३ धावा केलेला फलंदाज. अशा अष्टपैलूच्या जाण्याने एकाच वेळी दोन पोकळ्या निर्माण होतात. फलंदाजीतली जागा भरायला फलंदाज घ्यावा, तर गोलंदाजीची षटके कमी पडतात. गोलंदाज घ्यावा, तर शेपूट लांबते. त्यात भर म्हणजे स्पर्धा सुरू असतानाच वडिलांच्या निधनामुळे कृणालही संघ सोडून घरी गेला. म्हणजे आठवड्याभरात बडोद्याकडे कर्णधार नव्हता आणि उपकर्णधारही नव्हता.

पुढे जे झाले ते अनेकांना अनपेक्षित होते. नेतृत्व आले केदार देवधरकडे, बडोद्यातल्या मराठी वस्तीला आपला वाटणारा, वर्षानुवर्षे शांतपणे खेळणारा फलंदाज. गटात अव्वल राहून बडोदा उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे हरियाणाविरुद्ध शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या असताना विष्णू सोळंकीने षटकार मारला. उपान्त्य फेरीत पंजाबविरुद्ध देवधरने स्वतः अर्धशतक केले आणि कार्तिक काकडेनेही. अंतिम सामन्यात मात्र तमिळनाडूपुढे बडोद्याला ९ बाद १२०च करता आल्या आणि सात गडी राखून तमिळनाडू जिंकला. करंडक हुकला. परंतु दोन प्रमुख नावे गळालेल्या संघाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा कोण करील?

या यशावरून ‘कोणी गेल्याने काही अडत नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वीस षटकांच्या स्पर्धेत तीन आठवड्यांची लाट पुरते. चार दिवसांच्या सामन्यांत, संपूर्ण हंगामभर, मधल्या फळीतली पोकळी लपत नाही. शिवाय हुड्डाच्या जाण्याचा खरा हिशेब त्या हंगामात नव्हताच. जुलै २०२१ मध्ये तो बडोदा सोडून राजस्थानकडे गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने भारताकडून एकदिवसीय पदार्पण केले, त्याच वर्षी जूनमध्ये आयर्लंडविरुद्ध टी-ट्वेंटीत शतक झळकावले. डिसेंबर २०२३ मध्ये एकदिवसीय सामन्यांच्या देशांतर्गत स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत कर्नाटकविरुद्ध त्याने १८० धावा कुटल्या आणि राजस्थानला अंतिम फेरीत नेले. या स्पर्धेचे नाव विजय हजारे करंडक. सव्विसाव्या वर्षी बडोदा सोडलेल्या फलंदाजाची उमेदीची वर्षे दुसऱ्या संघाच्या खात्यावर जमा झाली. त्याची भरपाई एका षटकाराने होत नाही.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने नोंदवावीशी वाटते. हुड्डा जन्माने रोहतकचा. वडिलांच्या हवाई दलातील नोकरीमुळे तो बडोद्याला आला. पंड्या बंधूंचे कुटुंबही मुलांच्या क्रिकेटसाठी सुरतेहून बडोद्यात येऊन राहिले, ते किरण मोरे यांच्या अकादमीसाठी. म्हणजे भांडणातल्या दोन्ही बाजू मुळात बाहेरून आलेल्या होत्या आणि बडोद्याने दोघांनाही आपले मानले होते. हे शहर खेळाडू घडवते तसेच खेळाडू रुजवते. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ तिथे जन्मदाखल्यापेक्षा मैदानावर गेलेल्या वर्षांनी ठरत आला आहे.

एकच जागा असलेले स्थान

सगळ्या जागा सारख्या नसतात. फलंदाजाच्या जागा पाच-सहा, गोलंदाजांच्या चार-पाच, यष्टिरक्षकाची एकच. म्हणून यष्टिरक्षकाचे स्थलांतर यादी सर्वांत जास्त हलवते. २०२५-२६च्या हंगामापूर्वी विदर्भाचा जितेश शर्मा बडोद्याकडे आला, त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. विदर्भाचा रणजी कर्णधार अक्षय वाडकर हा स्वतःच यष्टिरक्षक. तो चांगला खेळत होता, संघ जिंकत होता आणि २०२४-२५चा करंडकही विदर्भाने उचलला होता. अशा संघात दुसऱ्या यष्टिरक्षकाला लाल चेंडूचे सामने मिळणार कुठून? कर्णधाराला हलवून जागा रिकामी होत नसते. जितेशपुढे दोनच मार्ग होते, वाट पाहणे किंवा वाट बदलणे.

पण बडोद्यातही ती जागा मोकळी नव्हती. मितेश पटेल यष्टिरक्षण करत होता आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईला ८४ धावांनी हरवताना पहिल्या डावात त्याने ८६ धावांची मोलाची खेळी केली होती. मोठ्या नावाच्या आगमनाने अशा खेळाडूवर नेमके काय येते ते बातमीच्या मथळ्यात दिसत नाही. त्याने एक तर केवळ फलंदाज म्हणून जागा मिळवायची, नाही तर राखीव म्हणून वाट पाहायची. आणि वाट पाहण्यातही अनिश्चितता अशी की, जितेश भारताच्या टी-ट्वेंटी संघाच्या वर्तुळात आहे. आशिया चषकासाठी तो निवडला गेला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी रणजी हंगाम सुरू झाला आणि महिनाअखेरीस भारताची ऑस्ट्रेलियात टी-ट्वेंटी मालिका होती, त्या संघातही तो होता. म्हणजे ज्या पाहुण्यासाठी घरच्या यष्टिरक्षकाची जागा धोक्यात येते, तो पाहुणाच देशाच्या बोलावण्यावर जाऊ शकतो आणि तेव्हा पुन्हा हाक मारायची ती घरच्यालाच. राखीव यष्टिरक्षक सरावात राहणे ही त्यामुळे चैन उरत नाही, निकड होते.

हाच पेच जगात अन्यत्र कसा दिसतो, याचे एक दूरचे पण नेमके उदाहरण अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे आहे. तिथे मैदानावर पाच खेळाडू, त्यांतले दोन गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन हल्ल्याची आखणी करणारे. एका गार्डने कॉलेज बदलले की त्याच्यामागे रांगेत उभा असलेला पहिल्या वर्षाचा मुलगा एका रात्रीत संघाचा सूत्रधार होतो, नाही तर प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजातून तयार गार्ड आणतो आणि तो मुलगा रांगेतच राहतो. पूर्वी कॉलेज बदलणाऱ्याला साधारणतः एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०१८ साली तिथे बदलीच्या इच्छुकांची सार्वत्रिक नोंदवही, ‘ट्रान्स्फर पोर्टल’, सुरू झाली. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलल्यावर लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांना कितीही वेळा. आता प्रत्येक वसंतात प्रशिक्षक आधी आपल्याच खेळाडूंची समजूत काढतो आणि मग बाहेरचे शोधतो. एका संघात तेरा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, २०२५-२६ पासून पंधरा खेळाडूंची आहे. यादी लहान, स्थलांतर मोकळे. परिणामी शाळेतून थेट आलेल्या मुलांना संधी मिळण्याचे मार्ग अरुंद होत असल्याची तक्रार तिथे सतत ऐकू येते. आपल्याकडे ना-हरकत दाखल्याची किल्ली अजून संघटनांच्या हाती आहे. ती खेळाडूला जाचक वाटते आणि अनेकदा जाचक असतेही. हुड्डासारख्याला ती मिळाली नसती तर त्याची कारकीर्द कुजली असती. पण तीच किल्ली मागे उरलेल्या संघाला यादी सावरायला थोडा वेळ देते.

पाहुण्यांनी जिंकलेला सामना

बडोद्याच्या आठवणीतला एक सल इथे सांगायलाच हवा, कारण गोव्याशी त्याचा थेट संबंध आहे. जानेवारी २०११ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यातच होता. यजमान चार वेळा संस्थानी परंपरेच्या छायेत आणि पाचव्यांदा २०००-०१ मध्ये जेकब मार्टिनच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकलेले. समोर होता राजस्थान, जो त्या हंगामाची सुरुवात खालच्या, म्हणजे प्लेट गटातून करून आला होता. राजस्थानचा कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर, सलामीला दिल्लीचा आकाश चोप्रा, मधल्या फळीत ओडिशाचा रश्मी रंजन परिडा. तिघेही पाहुणे. पहिल्या डावातल्या आघाडीवर राजस्थानने आपला पहिला रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही.

तीन पत्ते टाकण्याची याहून चोख पद्धत दाखवणे अवघड. राजस्थानकडे दीपक चहर, पंकज सिंगसारखे वेगवान गोलंदाज घरचे होते. तिथे त्यांनी पाहुणा आणला नाही. कमतरता होती ती तासन्‌तास खेळपट्टीवर उभे राहणाऱ्या अनुभवी फलंदाजांची आणि तीनही पाहुणे नेमके तसेच. विदर्भाने हाच मार्ग पुढे नेला. २०१५-१६ मध्ये वसीम जाफर नागपूरला आला आणि चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन करंडक विदर्भाने जिंकले. पहिल्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी आणि शतक करणारा अक्षय वाडकर मात्र घरचे होते. पुढे विदर्भाचाच फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे केरळचा पाहुणा होऊन २०२४-२५च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध उभा राहिला. ज्या संघाने पाहुण्यांच्या आधाराने उभे राहायला शिकले, तोच आता पाहुणे पुरवू लागला.

गोव्याचे तीन पत्ते

गोव्याने रणजीत प्रवेश केला १९८५-८६ मध्ये. तेव्हापासून बाहेरचे अनेक फलंदाज-गोलंदाज आले आणि गेले. अलीकडचे सर्वांत गाजलेले नाव अर्थातच अर्जुन तेंडुलकरचे. मुंबईच्या यादीत जागा मिळत नव्हती म्हणून तो २०२२ मध्ये गोव्याकडे आला. त्या डिसेंबरमध्ये पर्वरीत राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने १२० धावा केल्या आणि देशभर त्याच शतकाची बातमी झाली. वडिलांनीही पदार्पणातच शतक केले होते, मग मथळ्यांना आणखी काय हवे? त्या डावात समोरच्या टोकाला सुयश प्रभुदेसाई होता आणि त्याने २१२ धावा केल्या होत्या. दोघांची भागीदारी २२१ धावांची. गोव्याच्या मुलाचे द्विशतक बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात गेले. पाहुणा केवळ संघातली जागा घेतो असे नाही. त्याचे नाव मोठे असेल तर तो वर्तमानपत्रातलीही जागा घेतो आणि या दोषात आम्ही बातमीदार-उपसंपादक मंडळीही वाटेकरी आहोत.

तरीही अर्जुनची निवड यादीच्या दृष्टीने चुकीची म्हणता येत नाही. डावखुरा मध्यमगती गोलंदाज, तळाला उपयुक्त फलंदाजी आणि मुख्य म्हणजे तो एका हंगामात परत गेला नाही. त्याच वर्षी आलेला मुंबईचा सिद्धेश लाड मात्र गोव्यात रुजला नाही. २०२४-२५ मध्ये तो पुन्हा मुंबईकडून खेळताना दिसला. खेळाडू म्हणून त्याचा निर्णय रास्तच होता. गोव्याच्या बाजूने पाहिले तर मधल्या फळीतली एक जागा एका हंगामासाठी भाड्याने दिली गेली आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा रिकामीच होती.

आता याच्या शेजारी नोव्हेंबर २०२४ मधली पर्वरी ठेवून पाहा. प्लेट गटात अरुणाचल प्रदेशविरुद्ध कश्यप बखलेने नाबाद ३०० आणि स्नेहल कवठणकरने नाबाद ३१४ धावा केल्या. दोघांची अभेद्य भागीदारी ६०६ धावांची, रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी. हजारे आणि गुल महंमद यांचे ५७७ आता या यादीत त्याच्या खाली आहेत. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे खरेच, आणि १९४७ च्या अंतिम सामन्याशी त्याची तुलना कोणी शहाणा माणूस करणार नाही. पण बडोद्याचा विक्रम दोन आणलेल्या खेळाडूंचा होता आणि गोव्याचा विक्रम घरच्या दोघांचा आहे. त्या दिवशी या दोन जागांवर पाहुणे खेळत असते तर ही खेळी घडली नसती, एवढी साधी गोष्ट आहे.

गोव्याने तो प्लेट गट जिंकला आणि २०२५-२६ साठी वरच्या गटात बढती मिळवली. जयस्वालचा अर्ज आला तो नेमका या वळणावर. वरच्या गटात मोठे संघ, कसलेले गोलंदाज, त्यामुळे पाहुण्यांची गरज वाढते, हे मान्य. पण जयस्वाल भारताच्या कसोटी संघात कायम. तो वर्षातून फार तर दोन-तीन रणजी सामने खेळला असता. त्या दोन-तीन सामन्यांत एका गोमंतकीय सलामीवीराने बाहेर बसायचे आणि उरलेल्या सामन्यांत, सराव तुटलेला असताना, पुन्हा सलामीला जायचे, अशी ती योजना झाली असती. शिवाय नेतृत्वाचीही बोलणी होती. कानिटकरांनी कर्णधारपद निभावले, कारण ते हंगामभर संघाबरोबर होते. पाहुण्या कर्णधाराच्या अनुपस्थितीत प्रत्येक वेळी नेतृत्व दुसऱ्याकडे, हे २०२१ मध्ये बडोद्याला नाइलाजाने करावे लागले होते. गोव्याने ते हौसेने ओढवून घेतले असते.

म्हणून पुढच्या वेळी पर्वरीतून एखाद्या मोठ्या नावाची बातमी आली, तर गोव्याच्या क्रिकेटप्रेमींनी संघटनेला तीन प्रश्न जरूर विचारावेत. आपल्याकडे नेमकी कोणती जागा कच्ची आहे आणि हा खेळाडू त्याच जागेचा आहे का? तो हंगामातले किती सामने उपलब्ध असेल? आणि त्याच्यामुळे १९ वा २३ वर्षांखालील संघातून वर येणाऱ्या कोणत्या मुलाची वाट किती लांबेल? बडोद्याच्या ताज्या अनुभवात या तिसऱ्या प्रश्नाला एक दिलासादायक उत्तर आहे. ५ डिसेंबर २०२४ रोजी इंदूरमध्ये सिक्कीमविरुद्ध बडोद्याने वीस षटकांत ५ बाद ३४९ धावा करून टी-ट्वेंटीतला विश्वविक्रम केला. त्या दिवशी हार्दिक पंड्या संघात नव्हता. त्या डावात नाबाद १३४ धावा केल्या त्या भानू पानियाने.